मागाचा आवाज, चाळीस दोर आणि एक दार : तालमीच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल गणपती पोचवले, आज पहिलं वाचन. इचलकरंजी, शाळेचा हॉल, संध्याकाळी सहा. नाटक दोन अंकी. आठ यंत्रमागांची शेड, तिला लागून घर, आणि माग भंगारात घालायचे की नाही यावरून बाप-लेकात चाललेली ओढाताण. पहिला प्रयोग ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं त्याची आठवण म्हणून हा दिवस, आणि सांगली इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ही तारीख आमच्याकडे घरची वाटते.

वाचनाला नट सात आणि बाकीचे सहा. बाकीचे म्हणजे नेपथ्य, प्रकाश, पार्श्वसंगीत, वेशभूषा, लेखक आणि मी (रंगमंच व्यवस्था). सर (दिग्दर्शक) सुरुवातीला तयार नव्हते. पहिल्या वाचनाला एवढी माणसं कशाला, हा त्यांचा प्रश्न. मी हटून बसले. गेल्या नाटकात प्रकाशयोजना करणाऱ्याने नाटक पहिल्यांदा पाहिलं ते रंगीत तालमीला. तोवर जिना उभा राहिला होता आणि त्याच्या सावलीत नायिकेचा चेहरा शेवटपर्यंत अंधारात राहिला. जिना चुकीचा नव्हता, प्रकाशही चुकीचा नव्हता. दोघांची गाठच पडली नव्हती. यावेळी ती पहिल्याच दिवशी पडली पाहिजे.

वाचन छान झालं. लेखकाने आजोबांच्या तोंडी एक आठवण घातली आहे : विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग आणला, त्याची. त्यावर वेशभूषेच्या काकूंनी विचारलं, "मग आजोबा किती वर्षांचे? आणि नाटक घडतंय कोणत्या साली?" लेखकाने साल ठरवलेलंच नव्हतं. काकूंना ते लागतं, कारण आईची साडी सुती की पॉलिस्टर हे त्यावर ठरतं. बराच वेळ बोलून २०१७ ठरलं. आजोबांनी ही गोष्ट स्वतःच्या वडिलांकडून ऐकलेली, असा फेरफार लेखकाने तिथेच पेन्सिलने केला.

रात्री चंद्रग्रहण, म्हणून दोघी-तिघी नऊच्या आत घरी गेल्या. बापाचं काम करणारे मामा वाचनात काही बोलले नाहीत. ते स्वतः जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात. जाताना मला म्हणाले, "शेडमधला प्रवेश जरा बघा म्हणावं."

१४ सप्टेंबर, रविवार

मामांच्या ओळखीने रात्रपाळीत एका शेडमध्ये गेलो, दहा जण.

आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. एका मिनिटात शंभर-सव्वाशे वेळा धोटा (आडवं सूत नेणारा) इकडून तिकडे फेकला जातो, आणि असे आठ माग. थोरल्या मुलाचं काम करणारा लेखकाच्या कानाशी ओरडत होता, तरी लेखकाला पत्ता नाही. मामा मात्र शेडच्या दुसऱ्या टोकाच्या कामगाराशी निवांत बोलत होते. हाताने. दोन बोटं मोडून सोडली की सूत तुटलं. अंगठा ओठाशी नेला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मालक येतोय. बाकीचं ओठांकडे बघून.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "सर, शेडमध्ये एवढं कोण बोलतंय? ऐकूच येत न्हाई. हातानं सांगायचं आणि व्हटाकडं बघायचं."

संहितेत त्या प्रवेशात अडीच पानांचं भांडण आहे, नाटकातलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं. लेखक घरापर्यंत गप्प होता.

आणखी दोन नोंदी. एक, संगीताची बाजू सांभाळणाऱ्या मुलीचं आतलं ध्वनिमुद्रण सगळं फाटलं. पत्र्याच्या भिंतीबाहेर उभं राहून केलेलं स्वच्छ आलं. दोन, प्रकाशवाला पोरगा मागापेक्षा ट्यूबलाइटकडे जास्त बघत होता. म्हणाला, "ताई, ट्यूब बाजूला आहे म्हणून सूत दिसतंय. समोर असती तर नुसता पांढरा पडदा दिसला असता." नेपथ्य करणारे अण्णा त्याच्या शेजारी टेपने बीम मोजत होते. ते हे ऐकून थांबले. नेपथ्याची खरी सुरुवात तिथे झाली असं मला वाटतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आजची तालीम वादात गेली. सरांचं म्हणणं, रंगमंचावर सगळंच खरं कुठे असतं, मागाचा आवाज खाली घेऊ आणि भांडण वर ठेवू. संगीतवाली म्हणाली, "आवाज खाली घेतला तर तो माग राहत नाही, पंखा होतो." लेखक म्हणाला, दोन वर्षं या अडीच पानांवर बसलोय. तिघांचंही खरं.

मग मामांनी थोरल्याला समोर उभं केलं आणि ते भांडण हाताने करून दाखवलं. बाप खूण करतो, मुलगा बघतो आणि मान फिरवतो. शेडमध्ये मान फिरवली की बोलणंच संपतं, कारण ऐकायचं असतं ते डोळ्यांनी. हॉलमध्ये शांतता पसरली. सर काही बोलले नाहीत, खुर्ची जवळ ओढून त्यांनी पुन्हा करायला सांगितलं.

लेखक संहिता पिशवीत घालून निघाला. मी पायऱ्यांपर्यंत गेले. "बघतो," एवढंच म्हणाला.

२४ सप्टेंबर, बुधवार

लेखकाने नवी पानं आणली. अडीच पानांऐवजी अर्धं पान, त्यात एकही संवाद नाही, फक्त खुणांचा क्रम आणि कोण कधी मान फिरवतो ते. शेवटी एक वाक्य राखून ठेवलंय : माग बंद पडल्यावर, पहिल्या शांततेत, मुलगा ओरडूनच बोलतो, कारण त्याला सवय तशी आहे, आणि ते वाक्य सगळं घर ऐकतं. पूर्वीच्या अडीच पानांमधलंच वाक्य आहे ते. तिथे ते वाहून जात होतं, आता अंगावर येतं. त्याने हे तीन रात्रींत केलं. मनापासून सांगते, मला त्याचा अभिमान वाटला.

२८ सप्टेंबर, रविवार

दाराचा प्रश्न. घरात बोललेलं ऐकू यायला हवं आणि माग तर चालूच. संगीतवालीने उपाय काढला : आई शेडमधून घरात येते आणि दार लावते, त्या क्षणी आवाज दबलेला होतो. दार उघडलं की पुन्हा अंगावर. तिच्याकडे पत्र्याबाहेरचं ध्वनिमुद्रण होतंच.

सगळ्यांना आवडलं. फक्त नेपथ्यात दार नव्हतं, अण्णांनी मोकळी चौकट धरली होती. आता चौकटीला फळी, बिजागऱ्या, कडी, आणि ते लावताना मागचा फ्लॅट (नेपथ्याची उभी भिंत) हलू नये म्हणून मागून टेका. अण्णा सुतार आहेत, त्यांना ते अवघड नाही, पण वेळ आणि लाकूड दोन्ही वाढलं. सरांना हालचाली बदलाव्या लागल्या, कारण दार आत उघडलं तर आजोबांच्या खाटेला लागतं. काकूंनी सांगितलं, आईच्या दोन्ही हातांत कांड्यांची (सूत गुंडाळलेल्या नळ्यांची) टोपली आहे, दार लावायचं कशाने? पाठीने. आईचं काम करणाऱ्या बाईंनी पाठीने दार लोटून बघितलं, आणि ती बाई कोण आहे ते त्यांना सापडलं. गेले पंधरा दिवस त्या शोधत होत्या.

आवाजातली एक अडचण सुताराकडे गेली आणि नटीला भूमिका मिळाली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढच्या वेळी कुणी म्हणेल की तंत्राची माणसं शेवटच्या आठवड्यात बोलवू.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

गावात मागांची पूजा. आम्ही हॉलवर अण्णांची करवत, डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र), काकूंचं शिलाई मशीन, स्पीकर आणि संहिता एका ओळीत मांडून झेंडूची फुलं वाहिली. संहिता कुठे ठेवायची यावर लेखक म्हणाला, मध्ये नको, ओळीत ठेवा. तालीम नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दोर. अण्णांची कल्पना अशी की शेड म्हणजे वरच्या बारपासून खालच्या लाकडी बीमपर्यंत ताणलेले सुती दोर, मागावरच्या ताण्यासारखे, म्हणजे उभ्या सुतासारखे. नट त्यांच्या मागेपुढे वावरणार. शेवटी माग विकले जातात तेव्हा वरचा बार कप्पीवरून सैल सोडायचा आणि सगळे दोर ढिले पडून लोंबणार. कागदावर शहाण्णव दोर होते. आज हॉलमध्ये बारा बांधून बघितले.

प्रकाशवाल्याने समोरून दिवा टाकला तर दोर पांढरेफटक आणि मागच्या मामांचा चेहरा गजाआड. बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून टाकला तर प्रत्येक दोर वेगळा उजळला आणि चेहरा मोकळा झाला. पण स्टँड पहिल्या विंगेत लागणार आणि थोरल्याची प्रत्येक एन्ट्री तिथूनच आहे. सरांनी सगळ्या एन्ट्र्या दुसऱ्या विंगेत नेल्या, कुरकुर न करता. अण्णांनी दोर शहाण्णवचे चाळीस केले. मला वाटलं होतं ते दुखावतील. ते म्हणाले, "चाळीसच दिसणार असतील तर छप्पन्न कुणासाठी बांधू?"

मग काकूंनी विचारलं, "सुती दोर आणि एवढे तापणारे दिवे?"

कोणी पटकन बोललं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं. आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिथे पाय ठेवलाय, मामांचं पहिलं काम तिथलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अण्णा त्या सकाळी मोटरसायकलवरून जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहून आले होते.

ठरलं ते असं : दोरांच्या बाजूचे चारही दिवे एलईडी, हजार वॅटचे पार (तापणारे झोतदिवे) फक्त समोरच्या बारवर, कोणताही दिवा दोरापासून चार फुटांच्या आत नाही, दोन्ही विंगांत अग्निशामक आणि वाळूची बादली. ही यादी माझ्या वहीत पहिल्या पानावर आणि प्रयोगाआधी सही प्रकाशवाल्याची.

१२ ऑक्टोबर, रविवार

काकूंच्या माहितीत होतं, टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात कापूस बुडवून वाळवला की तो सहज पेट घेत नाही. अण्णांच्या अंगणात दोन तुकडे लावून बघितले. कोरा दोर सरसर वर जळत गेला. बुडवलेला काळा पडला आणि थांबला. चाळीसही दोर बुडवले. वाळल्यावर ते थोडे ताठ आणि मळकट पांढरे झाले. प्रकाशवाल्याला हा रंग आधीच्या शुभ्र दोरापेक्षा जास्त आवडला, उजेड त्यावर चमकत नाही, बसतो.

धाकटीचं काम करणाऱ्या मुलीची आई वहिफणीचं, म्हणजे मागावरच्या ताण्याचे धागे ओवायचं-जोडायचं, काम करते. ती मुलीला न्यायला आली होती. अण्णांना गाठी मारताना बघून पुढे सरकली. विणकरांची गाठ किती चटकन बसते ते तिने दाखवलं आणि अर्ध्या तासात चाळीस दोर लागले. अण्णा बाजूला बसून बघत होते, शिकत होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

तालमीला सुट्टी. गावचे माग बंद. संगीतवालीचा सकाळी सातला फोन : "ताई, बाहेर या, ऐका." आम्ही दोघी गल्लीत उभ्या राहिलो. वर्षभर कानात असलेली घरघर नाही. पण आधी काहीच ऐकू येत नाही, कान रिकामे वाटतात. मग हळूहळू एकेक गोष्ट येते : कबुतरं, कुणाच्या तरी घरातलं मिक्सर, लांबची एसटी.

ती म्हणाली, शेवटच्या प्रवेशात आवाज, दोर आणि प्रकाश आपण एकदम सोडतोय ते चूक आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

क्यू ३८. क्यू म्हणजे आवाज, प्रकाश बदलायची ठरलेली खूण, आणि ही सगळ्या नाटकात मला सर्वात अवघड वाटणारी जागा. आधीची योजना : माग बंद, बार सैल, प्रकाश मंद, तिन्ही एकाच वेळी. आज संगीतवालीने पाडव्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली आणि क्रम मागितला. आधी आवाज तुटेल. मग काही सेकंद काहीच नाही. मग दोर. प्रकाश सगळ्यात शेवटी.

सर म्हणाले, चार सेकंद रिकामं ठेवलं तर प्रेक्षकांना वाटेल कुणीतरी क्यू चुकवला. प्रकाशवाल्याची अडचण वेगळी, दोर पडेपर्यंत उजेड तसाच ठेवला तर बार खाली येताना दिसतो. करून बघितलं, सहा वेळा. चौथ्या वेळी कप्पी करकरली. अण्णा तेलाची डबी घेऊन उठले आणि तिने त्यांचा हात धरला, "काका, नको." त्या शांततेत ती करकर म्हणजे मागाचाच शेवटचा आवाज होता. तेल घातलं नाही. बार दिसू नये म्हणून सरांनी त्या वेळी मामांना एक पाऊल पुढे घेतलं, बघणाऱ्याची नजर त्यांच्यासोबत खाली आली.

ही जागा कुणाची? संध्याकाळी चहाला हाच विषय. सरांनी 'घाशीराम'ची आठवण काढली, पुण्यात भरत नाट्य मंदिरात डिसेंबर १९७२ मध्ये झालेला पहिला प्रयोग. माणसांची ती भिंत, जी पडदा होते, गर्दी होते, गाते, नाचते. संहिता तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्या भिंतीतलं कुणाचं किती हे बघणाऱ्याला वेगळं काढता येत नाही. तरीही प्रत्येकाला आपलं काम नेमकं ठाऊक असणार, नाहीतर भिंत एका ओळीत चाललीच नसती. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे "सगळ्यांनी मिळून केलं" म्हणायची सवय आहे आणि त्यात बार कुणी सोडायचा ते लिहायचं राहून जातं. म्हणून लिहिते : कप्पी अण्णा. आवाज तोडणं संगीतवाली. चार सेकंद मी मोजणार. प्रकाश माझ्या खुणेवर.

२ नोव्हेंबर, रविवार

नाट्यगृह दुपारपासून ताब्यात. क्यू टू क्यू, म्हणजे फक्त क्यूंची तालीम, रात्री अकरापर्यंत.

दोन गोष्टी बिघडल्या. पहिली माझी. मी क्यूंना संहितेच्या जुन्या पानांप्रमाणे क्रमांक दिले होते. लेखकाने अडीच पानं काढल्यावर प्रकाशवाल्याच्या कागदावर नवे क्रमांक आले आणि माझ्या वहीत जुनेच राहिले. पहिल्या अंकात सात वेळा चुकीचा प्रकाश आला. पाऊण तास सगळे नट रंगमंचावर उभे राहिले ते माझ्यामुळे. प्रत्येकाला जाऊन सांगितलं. पुढे नियम : संहितेत एक ओळ जरी बदलली तरी त्याच रात्री सर्व वह्या एकत्र बसून दुरुस्त करायच्या.

दुसरी : प्रकाशाचा बोर्ड प्रेक्षागृहाच्या मागे आणि आमचं बोलणं फोनवर. मागाचा आवाज सुरू झाला की प्रकाशवाल्याला माझा शब्द कळत नाही. शेडमधलीच अडचण. मामा म्हणाले, "मग डोळ्यांनी सांगा की." प्रकाशवाल्याने बोर्डाशेजारी एक लाल झिरोचा बल्ब लावला आणि बटण माझ्या विंगेत आणलं. लागला की तयार, विझला की सोड. त्यानंतर एकही क्यू चुकला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रंगीत तालीम. काकूंनी थोरल्याचा शर्ट बदलला, बाजूच्या उजेडात पॉलिस्टर चकाकत होतं. आजोबांची रंगभूषा निम्मी केली. पहिला अंक चार मिनिटांनी लांबला, सरांनी नटांना त्याबद्दल काही सांगितलं नाही, उद्या आपोआप बसेल म्हणाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी नारळ, नटराज पूजन. दोरांची तपासणी, सही. सात वाजता तिसरी घंटा.

मागच्या रांगांमध्ये मामांच्या शेडमधले बरेच जण आले होते, पाळी बदलून. शेडच्या प्रवेशात थोरल्याच्या शर्टाचं बटण एका दोरात अडकलं. तो ओढायला गेला असता तर खालचा बीम हलला असता. धाकटीचं त्या जागी काही काम नाही, ती फक्त मागे कांड्या भरते. ती उठली, दोन बोटं मोडून सोडली (सूत तुटलं), शांतपणे जवळ जाऊन दोर सोडवला आणि परत जाऊन बसली. मागच्या रांगांमधून हसू आलं, ओळखीचं. पुढच्या रांगांना तो प्रवेशाचाच भाग वाटला. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तालमीत ती रोज मामांचे हात बघत होती.

क्यू ३८. आवाज तुटला. मी एक, दोन, तीन, चार मोजलं. सभागृहात कुणी खोकलंही नाही. कप्पी करकरली. मामा पुढे आले. लाल बल्ब विझवला.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळे हॉलवर, दोर सोडून गुंडाळायला. कोल्हापूर आणि सांगलीहून प्रयोगाची विचारणा आहे. तिथल्या रंगमंचांची मापं अण्णा या आठवड्यात घेऊन येतील. बारची उंची कमी निघाली तर दोर खालून दुमडायचे, कापायचे नाहीत.

माहितीपत्रकात दुरुस्ती : 'हस्तसंकेत' अशी नवी ओळ, पुढे मामांचं नाव. मामा म्हणाले, खुणा काय माझ्या न्हाईत, शेडच्या आहेत. लेखकाने ती ओळ तशीच लिहून घेतली, मामांचं नाव आणि त्यांच्या पाळीतले कामगार. धाकटीने दोर सोडवला तो आता संहितेत आहे, लेखक आणि सर दोघांनी मागितलं. तिच्या आईचं नाव नेपथ्य साहाय्यात.

क्यू ३८ मध्ये संगीतवालीला चाराऐवजी सहा सेकंद हवे आहेत. सर पाचावर आलेत. पुढच्या रविवारी करून बघायचं, तोवर वहीत दोन्ही आकडे पेन्सिलने.